वाचकांचे प्रश्न : मेगावॉट, युनिट आणि आपले वीजबिल

मागील अंकात देशाच्या अक्षय ऊर्जा आणि ऊर्जाबचत धोरणांचा आढावा घेणारा लेख प्रसिद्ध झाला होता. त्यावर कोल्हापूर शहरातून आणि जिल्ह्यातून बरीच पत्रे आली. काहींनी सरकारी आकडेवारीवर शंका घेतली आहे, पण बहुतेकांनी आपल्या गच्चीचा, मोटारीचा नाहीतर भट्टीचा हिशेब विचारला आहे. धोरण शेवटी तिथेच तपासले जाते, म्हणून आम्ही अशा पत्रांना झुकते माप दिले आहे. पत्रलेखकांची नावे वगळून व्यवसाय आणि गाव तेवढे ठेवले आहे.

प्रश्न : देशाच्या वीजनिर्मिती क्षमतेपैकी निम्मी क्षमता आता कोळसा आणि वायूविरहित झाली, अशी बातमी वाचली. मग कोळशाच्या मालगाड्या अजून इतक्या का धावतात? आकडा खोटा आहे का?
— विद्यार्थी, शिवाजी विद्यापीठ परिसर

उत्तर : आकडा खरा आहे, पण तो क्षमतेचा आहे, विजेचा नाही. पॅरिस कराराच्या वेळी, २०१५ मध्ये, भारताने २०३० पर्यंत स्थापित क्षमतेतील ४० टक्के वाटा बिगर-जीवाश्म स्रोतांचा करण्याचे मान्य केले होते. २०२२ मध्ये हे उद्दिष्ट ५० टक्के करण्यात आले आणि २०२५ च्या जूनअखेरीस, म्हणजे मुदतीच्या पाच वर्षे आधी, ते गाठले गेले. त्या वेळी देशाची एकूण क्षमता सुमारे ४८५ गिगावॉट (एक गिगावॉट म्हणजे हजार मेगावॉट) होती. यात सौर आणि पवन ऊर्जेबरोबर मोठी धरणे आणि अणुवीज यांचाही समावेश आहे.

मात्र गोठ्यात म्हशी किती बांधल्या आहेत, यावरून डेअरीला दूध किती गेले ते कळत नाही. एक मेगावॉटचा सौर प्रकल्प आपल्याकडे वर्षाला साधारण पंधरा-सोळा लाख युनिट वीज देतो (हजार वॉटचे उपकरण तासभर चालले, की एक युनिट). रात्री तो बंद असतो आणि पावसाळ्यात अर्ध्यावर येतो. कोळशावरचा एक मेगावॉट बऱ्यापैकी चालला, तर वर्षाला साठ लाखांच्या आसपास युनिट देतो. त्यामुळे निम्मी क्षमता हाताशी असूनही २०२४-२५ मध्ये देशात तयार झालेल्या विजेपैकी सत्तर टक्क्यांहून अधिक वीज कोळशातूनच आली.

खरी अडचण वेळेची आहे. दुपारी बारा वाजता देशात सौरवीज इतकी असते, की राजस्थानात पारेषण वाहिन्या अपुऱ्या पडल्याने २०२५ मध्ये काही प्रकल्पांना निर्मिती कमी करण्यास सांगावे लागले. संध्याकाळी सात वाजता, घरोघरी दिवे, पंखे आणि मिक्सर एकदम सुरू होतात, तेव्हा सूर्य मावळलेला असतो. त्या तासाला आधार असतो तो कोळशाचा आणि आपल्या कोयनेसारख्या जलविद्युत प्रकल्पांचा. कोयनेची क्षमता १,९६० मेगावॉट असली, तरी कृष्णेच्या पाण्याचे राज्यांत वाटप करणाऱ्या कृष्णा लवादाने वीजनिर्मितीसाठी पश्चिमेकडे वळवायच्या पाण्यावर वर्षाला ६७.५ अब्ज घनफुटांची मर्यादा घातली आहे. त्यामुळे ते पाणी जपून, गरजेच्या तासालाच वापरावे लागते. साताऱ्याच्या चाळकेवाडी पठारावरच्या पवनचक्क्या जून ते सप्टेंबर जोमात फिरतात, म्हणजे सौरवीज मंदावते तेव्हा त्या कामाला येतात. पण उरलेल्या आठ महिन्यांत त्यांच्यावर फार भिस्त ठेवता येत नाही.

यापुढे एखाद्या मंत्र्याने अमुक इतक्या मेगावॉटची घोषणा केली, की ही वीज किती वाजता आणि कोणत्या महिन्यात मिळणार, असे विचारण्याची सवय आपण लावून घ्यावी. ग्लासगो परिषदेत २०२१ मध्ये जाहीर झालेले २०३० पर्यंत ५०० गिगावॉटचे उद्दिष्टही याच प्रश्नावर जोखावे लागेल.

प्रश्न : आपल्यासारख्या गरीब देशाने महागडी हरित वीज घेऊन श्रीमंत देशांचे पाप का फेडावे?
— निवृत्त शिक्षक, गडहिंग्लज

उत्तर : हा आक्षेप २०१० साली अगदी रास्त होता. त्या वर्षी जानेवारीत राष्ट्रीय सौर अभियान सुरू झाले, तेव्हा लिलावात सौरवीज प्रतियुनिट अकरा-बारा रुपयांना मिळत होती आणि तो भार पेलणे वीज कंपन्यांच्या आवाक्याबाहेर होते. मात्र २०१७ मध्ये राजस्थानातील भडला येथील लिलावात दर २ रुपये ४४ पैशांपर्यंत उतरला आणि २०२० च्या डिसेंबरात गुजरातमध्ये तो दोन रुपयांच्याही खाली गेला. नव्या कोळसा प्रकल्पाची वीज या दरात मिळत नाही. चीनमधील स्वस्त पॅनेल हे त्यामागचे मोठे कारण होते; पण सरकारने ठरावीक दर न देता लिलाव पुकारले, २५ वर्षांचे करार दिले आणि वीज कायदा, २००३ नुसार नियामक आयोगांनी प्रत्येक वितरण कंपनीवर ठरावीक टक्के अक्षय वीज घेण्याचे बंधन घातले, हेही तितकेच खरे आहे.

बचतीच्या बाजूचे उदाहरण मला त्याहून बोलके वाटते. २०१४ च्या सुरुवातीला सरकारी खरेदीत एका एलईडी बल्बची किंमत ३१० रुपये होती. जानेवारी २०१५ मध्ये ‘उजाला’ योजना सुरू झाली, केंद्राच्या ईईएसएल या कंपनीने कोट्यवधी बल्बांची एकगठ्ठा मागणी नोंदवली आणि दीड-दोन वर्षांत तीच किंमत ३८ रुपयांवर आली. या बल्बवर सरकारने अनुदानाचा एक पैसाही दिला नव्हता. गरीब देशाकडे पैसा नसतो, पण गिऱ्हाईक मात्र भरपूर असते. या योजनेने त्या गिऱ्हाइकाची ताकद वापरली. श्रीमंत देशांच्या जबाबदारीचा आपला मुद्दा न्याय्य आहे आणि तो आंतरराष्ट्रीय परिषदांत मांडलाच पाहिजे, मात्र त्यासाठी स्वस्त वीज नाकारण्यात अर्थ नाही.

प्रश्न : आमचे दुमजली घर आहे, महिन्याला अडीचशे ते तीनशे युनिट वीज लागते. प्रधानमंत्री सूर्यघर योजनेतून तीन किलोवॉटचे संच बसवावेत, असे विक्रेता म्हणतो. कोल्हापूरच्या पावसात ते परवडेल का? आणि लाइट गेल्यावर घरात वीज राहील, हे त्याचे म्हणणे खरे आहे का?
— गृहस्थ, राजारामपुरी

उत्तर : दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण त्यावरून विक्रेत्याची पारख होते. नेट मीटरवर (ग्रिडकडून घेतलेली आणि ग्रिडला दिलेली वीज वळती करून मोजणाऱ्या मीटरवर) चालणारी साधी यंत्रणा लाइट गेल्याबरोबर आपोआप बंद पडते. खांबावर काम करणाऱ्या वायरमनला आपल्या गच्चीवरून उलटी येणारी वीज लागू नये, म्हणून तशी सक्ती आहे. लाइट गेल्यावरही पुरवठा हवा असेल, तर बॅटरी आणि हायब्रीड इन्व्हर्टर घ्यावा लागतो आणि खर्च बराच वाढतो. आपल्या विक्रेत्याने बॅटरीचा उल्लेख न करता हे आश्वासन दिले असेल, तर दुसरा विक्रेता पाहावा.

आता परवडण्याविषयी. फेब्रुवारी २०२४ मध्ये मंजूर झालेल्या या योजनेसाठी ७५,०२१ कोटी रुपयांची तरतूद असून एक कोटी घरांचे लक्ष्य आहे. अनुदान पहिल्या दोन किलोवॉटसाठी प्रत्येकी ३० हजार आणि तिसऱ्यासाठी १८ हजार, म्हणजे तीन किलोवॉटला ७८ हजार रुपये मिळते. त्यापुढे संच कितीही मोठा घेतला, तरी रक्कम वाढत नाही. ही रक्कम संच बसून, नेट मीटर लागून, पोर्टलवर तपासणीची नोंद झाल्यावर आपल्या बँक खात्यात जमा होते, त्यामुळे सुरुवातीचे पैसे आपल्यालाच उभे करावे लागतात किंवा कर्ज काढावे लागते. अनुदानासाठी पॅनेल आणि त्यातील सेल दोन्ही भारतीय बनावटीचे असण्याची अट आहे, ती कोटेशनमध्ये लिहून घ्यावी. सप्टेंबर २०२५ पासून सौर साहित्यावरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्के झाला आहे. जुन्या दराचे कोटेशन कोणी पुढे केले, तर तेही तपासावे.

तीन किलोवॉटचा संच आपल्या भागात वर्षभराच्या सरासरीने दिवसाला बारा युनिटच्या आसपास वीज देतो. मार्च-एप्रिलमध्ये चौदा-पंधरा युनिट दिसतील, तर जुलैच्या झडीत चार-पाचवरही समाधान मानावे लागेल. नेट मीटरमध्ये उन्हाळ्यातील जादा युनिट पुढच्या महिन्यांत वळते होतात आणि आर्थिक वर्ष संपताना उरलेल्या युनिटचा हिशेब होतो, म्हणून पावसाळ्याची फार धास्ती बाळगण्याचे कारण नाही. ज्या घरात महिन्याला तीनशेच्या आसपास युनिट लागतात, तिथे दराच्या वरच्या टप्प्यातील महाग युनिट वाचतात आणि अनुदान वजा जाता राहिलेला खर्च साधारण चार-पाच वर्षांत निघतो. महिन्याला सत्तर-ऐंशी युनिट वापरणाऱ्या कुटुंबाला मात्र मी इतक्या उत्साहाने हा सल्ला देणार नाही, कारण त्यांचा वाचणारा युनिट मुळातच स्वस्त असतो.

गच्चीवर पाहण्याच्या गोष्टी अशा : प्रत्येक किलोवॉटला साधारण शंभर चौरस फूट मोकळी जागा लागते. पॅनेल दक्षिणेकडे तोंड करून पंधरा-सतरा अंशांच्या उतारावर असावेत. पाण्याची टाकी, जिन्याची खोली किंवा शेजारच्या नव्या इमारतीची सावली सकाळी नऊ ते दुपारी तीन या वेळेत पडते का, ते डिसेंबरातील सूर्य गृहीत धरून पाहावे, कारण तेव्हा सावल्या लांब असतात. साखर कारखान्याजवळ राहणाऱ्यांच्या गच्चीवर हंगामात बॉयलरची बारीक काळी राख पडते; तिथे पंधरवड्यातून एकदा सकाळी, पॅनेल थंड असताना, साध्या पाण्याने धुणे भाग आहे. राजारामपुरीत आपल्याला पुराची भीती नाही, पण शाहूपुरी, दसरा चौक, नागाळा पार्क या भागांतील वाचकांनी इन्व्हर्टर आणि मीटरची पेटी २०१९ आणि २०२१ च्या पाणीपातळीच्या वर बसवण्याचा आग्रह धरावा. तळमजल्यावर जिन्याखाली पेटी बसवणे कारागिराला सोपे जाते, म्हणून तो तेच सुचवतो.

प्रश्न : सौर संचासाठी पैसे नाहीत. बिल कमी करण्याचा दुसरा मार्ग?
— गृहिणी, कसबा बावडा

उत्तर : पंखे बदला. जुना छताचा पंखा ७० ते ७५ वॉट वीज खातो, तर बीएलडीसी, म्हणजे ब्रशविरहित डीसी मोटारीचा पंखा तीसच्या आत. रोज बारा तास चालणारे तीन पंखे बदलले, तर महिन्याला जवळपास पन्नास युनिट वाचतात. जानेवारी २०२३ पासून छताच्या पंख्यांवर तारांकन सक्तीचे आहे. दुकानात तारे मोजण्याबरोबर त्याखालचा वॉटचा आकडाही वाचावा. फ्रिज पंधरा वर्षे जुना असेल, तर पुढचा क्रमांक त्याचा.

प्रश्न : भोगावतीच्या काठावर पाच अश्वशक्तीची मोटार आहे, ऊस आहे. आठवड्याच्या पाळीत रात्रीची लाइट आली, की अंधारात पाणी पाजायला जावे लागते. सौर कृषिपंप घ्यावा, की दिवसा वीज मिळण्याची वाट पाहावी? मोफत विजेमुळे बिल तर येतच नाही.
— शेतकरी, करवीर तालुका

उत्तर : सौरपंपाच्या योजना दोन प्रकारच्या आहेत आणि दोन्हींची जाहिरात एकाच पोस्टरवर होत असल्याने गोंधळ होतो. केंद्राच्या पीएम-कुसुम योजनेवर आधारलेली राज्याची ‘मागेल त्याला सौर कृषिपंप’ योजना स्वतंत्र पंपाची आहे. सर्वसाधारण गटातील शेतकऱ्याने १० टक्के आणि अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याने ५ टक्के रक्कम भरायची असते. अडीच एकरांपर्यंत तीन, पाच एकरांपर्यंत पाच आणि त्यापुढे साडेसात अश्वशक्तीचा पंप मिळतो. ही योजना ज्यांच्याकडे पारंपरिक वीजजोडणी नाही त्यांच्यासाठी आहे. आपल्याकडे जोडणी असल्याने आपण तिच्यात बसत नाही. बसत असतात, तरी मी घाई करू नका असेच म्हटले असते. विहिरीवरून शेजारच्या रानात पाणी द्यायला सौरपंप उत्तम आहे. नदीच्या काठावरून दीड-दोन किलोमीटर पाइपलाइनने, वर माळापर्यंत पाणी चढवायचे, तेही जुलै-ऑगस्टमध्ये मोटार काठावरून वर ओढून ठेवण्याची धावपळ सांभाळून, या कामाला ढगाळ दिवशी मंदावणारा पंप पुरा पडत नाही. सहकारी उपसा सिंचन संस्थांच्या मोठ्या मोटारींचा तर या योजनेत विचारच नाही.

आपल्या उपयोगाची आहे ती दुसरी, ‘मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.०’. यात शेतकऱ्याच्या मोटारीला कोणी हात लावत नाही. गावाजवळच्या उपकेंद्राशेजारी सौर प्रकल्प उभारून त्या उपकेंद्रातून निघणाऱ्या शेतीच्या वाहिनीला दिवसा वीज द्यायची, अशी ही रचना आहे. नदीकाठच्या बागायती पट्ट्यासाठी मला हीच दिशा बरोबर वाटते. पंप जुनाच राहतो, वीज दिवसा मिळते, आणि ज्या दुपारच्या सौरविजेला गिऱ्हाईक नाही, तिला शेतीसारखे मोठे गिऱ्हाईक मिळते.

अडते ते जमिनीपाशी. योजनेत जमिनीला हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये भाडे आहे, म्हणजे एकरी पन्नास हजार, आणि त्यात दरवर्षी तीन टक्के वाढ. विदर्भ-मराठवाड्यातील कोरडवाहू शेतकऱ्याला ही रक्कम मोठी वाटते. करवीर, कागल, शिरोळमध्ये एकरी चाळीस टन ऊस काढणारा शेतकरी मात्र या भाड्यावर काळी जमीन तीस वर्षांसाठी देणार नाही, आणि देऊही नये. मग उरतात मुरमाड माळ आणि गायराने. गायरानावर गावातील जनावरे चरतात, आणि तिथे मोजणीदार आल्यावर विरोध होतो. ग्रामपंचायतींना तीन वर्षांत मिळून पंधरा लाख रुपये देण्याची तरतूद आहे. ग्रामसभेत हा विषय आला, तर चराईला किती जागा राखली जाणार, हे ठरावात लिहून घ्या आणि मगच संमती द्या. आपल्या उपकेंद्राचा योजनेत समावेश आहे का, हे महावितरणच्या शाखा कार्यालयात समजेल.

मोफत विजेविषयी एक अप्रिय गोष्ट सांगायला हवी. साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना एप्रिल २०२४ ते मार्च २०२९ पर्यंत मोफत वीज आहे. बिल येत नसल्याने जुनी, चार वेळा गुंडाळलेली मोटार बदलावी असे कोणालाच वाटत नाही. देशात कृषिपंपांच्या कार्यक्षमतेचा पहिला प्रयोग सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढ्यात झाला होता. तिथे शेतकऱ्यांचे जुने पंप काढून तारांकित पंप मोफत बसवण्यात आले. एका हाताने मोफत वीज द्यायची आणि दुसऱ्या हाताने बचतीची मोहीम काढायची, हा विरोधाभास केवळ आपल्या राज्यात नाही, पण आपल्याकडे तो ठळक आहे. २०२९ नंतर काय होईल ते आज कोणी सांगू शकत नाही, म्हणून मोटार जळाली, की पुन्हा गुंडाळून घेण्याऐवजी तारांकित पंप घ्यावा आणि उसाला ठिबक करावे. पाणी कमी लागले, की मोटार कमी तास चालते, आणि रात्रीची खेपही वाचते.

प्रश्न : २४ साध्या मागांची शेड आहे. विजेची सवलत मिळते, तरी बिल झेपत नाही. सौर बसवावे का?
— यंत्रमागधारक, इचलकरंजी

उत्तर : सौर बसवण्याआधी मोटारी पाहाव्यात. साध्या मागावर बहुधा एक अश्वशक्तीची, म्हणजे पाऊण किलोवॉटची मोटार असते. जुन्या, आयई-१ प्रतीच्या (आयई ही मोटारीच्या कार्यक्षमतेची प्रतवारी; आकडा जितका मोठा, तितकी मोटार चांगली) या आकाराच्या मोटारीची कार्यक्षमता ७२ टक्के धरली जाते, आणि नीट न केलेल्या प्रत्येक रिवाइंडिंगनंतर ती आणखी उतरते. आयई-३ प्रतीच्या मोटारीची कार्यक्षमता ८२.५ टक्के असते. पाऊण भारावर, वर्षाला सहा हजार तास माग चालतो असे धरले, तर एका मोटारीमागे वर्षाला सुमारे ५९० युनिट वाचतात. २४ मागांवर ही बचत चौदा हजार युनिटच्या घरात जाते. इतकी वीज गच्चीवर तयार करायची, तर दहा किलोवॉटचा संच लागेल. शिवाय माग रात्रपाळीत चालतो तेव्हाही मोटारीची बचत सुरूच राहते.

हे इतके सरळ असूनही घडत का नाही? मोटारीचे पैसे आज द्यावे लागतात आणि बचत थेंबाथेंबाने येते, हे पहिले कारण. दुसरे असे, की शासनाची सवलत प्रतियुनिट असल्याने वाचलेल्या युनिटची किंमतही तितकीच घटते आणि मोटारीचे पैसे निघायला वेळ लागतो. हाच पैसा काही वर्षे मोटारींच्या अनुदानाकडे वळवला असता, तर बिल कायमचे कमी झाले असते, असे माझे मत आहे. यंत्रमागधारकांच्या संघटनांना ते रुचणार नाही, याची कल्पना आहे. २०१७ मध्ये वस्त्रोद्योग मंत्रालय आणि ईईएसएल यांनी ‘साथी’ नावाचा उपक्रम आणला होता. चांगल्या प्रतीच्या मोटारी, रॅपिअर किट (साधा माग धोट्याविना चालवण्याची जोडणी) आणि माग एकगठ्ठा खरेदी करून लहान उद्योजकांना हप्त्याने द्यायचे, अशी ती कल्पना होती आणि तिच्या केंद्रांत सुरत, इरोडबरोबर इचलकरंजीचे नाव होते. बल्बांच्या बाबतीत जे जमले, ते मागांच्या बाबतीत तितके जमले नाही. बल्ब काढून बल्ब लावायला दोन मिनिटे पुरतात, पण शेडमधील माग थांबवायचा म्हणजे त्या दिवसाचे कापड आणि कामगाराची मजुरी दोन्ही बुडते. म्हणून एकदम २४ मोटारी बदलू नयेत. जी जळेल तिच्या जागी आयई-३ घ्यावी, असा नियम करावा.

प्रश्न : फौंड्रीला ऊर्जाबचतीच्या सरकारी योजनांचा काही लाभ आहे का? आम्ही रात्रीच्या सवलतीसाठी भट्टी रात्री चालवत आलो आहोत.
— कारखानदार, शिरोली औद्योगिक वसाहत

उत्तर : आजवर नाव घेण्यासारखा नव्हता. ऊर्जा संवर्धन कायदा २००१ मध्ये झाला आणि २०१२ मध्ये कारखान्यांना ऊर्जाबचतीचे लक्ष्य ठरवून देणारी ‘पॅट’ योजना आली. पण तिच्या पहिल्या फेरीत आठ क्षेत्रांतील ४७८ मोठे कारखाने होते. सिमेंट, पोलाद, खत असे हे उद्योग. उद्यमनगर किंवा शिरोलीतील फौंड्री त्या चाळणीत कधीच आली नाही. जुलै २०२५ मध्ये ऊर्जा दक्षता ब्युरोने लहान-मध्यम उद्योगांसाठी ‘अदिती’ ही व्याज सवलतीची योजना आणली आहे. तिच्या चौदा क्षेत्रांत फौंड्री आणि कापड या दोन्हींचा समावेश आहे, आणि कर्जाच्या व्याजात सूक्ष्म व लघु उद्योगांना ५ टक्के, मध्यम उद्योगांना ३ टक्के सवलत आहे.

रात्रीच्या सवलतीचा विचार मात्र आता बदलावा लागेल. केंद्राने २०२३ मध्ये केलेल्या नियमांनुसार सूर्यप्रकाशाच्या तासांत दर नेहमीपेक्षा किमान २० टक्के कमी आणि सर्वाधिक मागणीच्या तासांत उद्योगांसाठी किमान २० टक्के जास्त असावा, अशी दिशा ठरली आहे. राज्यांचे आयोग त्याच वाटेने चालले आहेत. नवी भट्टी घेताना, पाळ्या ठरवताना वितळणीचे तास दिवसा येतील, अशी आखणी करावी.

तोवर दोन गोष्टी बिनखर्चाच्या आहेत. साचे तयार नसल्याने धातू भट्टीत तापवत ठेवावा लागतो आणि झाकण उघडे राहते, तिथे वीज अक्षरशः छताकडे जाते. दुसरी गोष्ट कॉम्प्रेसरची. रविवारी सगळी यंत्रे बंद करून फक्त कॉम्प्रेसर चालू ठेवावा. शांततेत पाइपांच्या जोडांतून हवेची फुसफुस कुठे ऐकू येते, ते खडूने टिपून घ्यावे. दाब एक बारने कमी ठेवून काम चालत असेल, तर कॉम्प्रेसरची सहा-सात टक्के वीज वाचते.

प्रश्न : साखर कारखान्याने बगॅस जाळून वीज केली, की ती अक्षय ऊर्जा म्हणून विकत घेतली जाते. आम्ही गुऱ्हाळात तेच चिपाड जाळतो. आम्हाला काहीच नाही?
— गुऱ्हाळमालक, पन्हाळा तालुका

उत्तर : आपली तक्रार योग्य आहे. ऊस गाळल्यावर वजनाच्या जवळपास तीस टक्के बगॅस उरतो. कारखाने उच्च दाबाच्या बॉयलरमधून त्यावर वाफ आणि वीज दोन्ही मिळवतात आणि जास्तीची वीज ग्रिडला देतात; राज्याच्या २०२० च्या अपारंपरिक ऊर्जा धोरणात अशा सहवीजनिर्मितीचे १,३५० मेगावॉटचे स्वतंत्र लक्ष्य होते. गुऱ्हाळात वीज तयार होत नाही, उष्णता होते. आपले अक्षय ऊर्जा धोरण मीटरवर मोजता येणाऱ्या विजेभोवती रचलेले असल्याने चुलवाणात जळणारे चिपाड त्याच्या हिशेबात येत नाही. २०२२ मध्ये ऊर्जा संवर्धन कायद्यात दुरुस्ती होऊन मोठ्या उद्योगांवर बिगर-जीवाश्म ऊर्जा वापरण्याचे बंधन घालण्याची सोय झाली, पण गुऱ्हाळ त्या व्याख्येत बसत नाही.

कोल्हापुरी गुळाला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, मात्र तो शिजवणारी भट्टी जवळपास पूर्वीचीच आहे. अंगणात नीट न वाळलेले चिपाड चुलवाणात सारले, की धुराड्यातून दाट पांढरा धूर निघतो आणि काहिलीला आच कमी लागते. आधण उतरायला वेळ लागतो. शिवाय काही जण चिपाड कमी पडते म्हणून टायर आणि प्लास्टिक जाळतात. तो प्रकार घातक आहे आणि गुळाच्या नावालाही बट्टा लावणारा आहे. कृषी महाविद्यालये आणि संशोधन केंद्रांनी सुधारित चुलवाणांचे नमुने केले आहेत. बल्ब-योजना, पंप-योजना निघू शकतात, तशी चुलवाण-योजना का निघू नये, हा प्रश्न आपण संघटितपणे लोकप्रतिनिधींसमोर मांडावा. आम्हीही या स्तंभातून त्याचा पाठपुरावा करू.

प्रश्न : पाटगाव धरणाच्या पाण्यावर होऊ घातलेल्या उदंचन प्रकल्पात पाणी आमच्या हातचे जाणार का?
— वाचक, भुदरगड तालुका

उत्तर : उदंचन प्रकल्पात दुपारची स्वस्त वीज वापरून खालच्या जलाशयातील पाणी वर चढवतात आणि संध्याकाळी ते सोडून वीज करतात. घाटघरचा २५० मेगावॉटचा प्रकल्प याच तत्त्वावर आहे आणि राज्याने २०२३ मध्ये त्यासाठी स्वतंत्र धोरण केले. पहिल्या उत्तरात सांगितलेल्या संध्याकाळच्या अडचणीवर हा एक चांगला उपाय आहे, हे मान्य केले पाहिजे. तेच ते पाणी पुन्हा पुन्हा फिरते, ही बाजूही खरी आहे. मात्र सुरुवातीची भरणी आणि दरवर्षीचे बाष्पीभवन यांसाठी धरणातूनच पाणी जाते. ते किती, कोणत्या महिन्यात आणि टंचाईच्या वर्षी आधी कोणाला, हे तिन्ही आकडे जनसुनावणीत लेखी मागावेत. शिवाय हा भाग सह्याद्रीच्या जंगलाचा आहे. देशाला साठवणूक हवी, एवढ्या कारणासाठी या प्रश्नांना बगल देता येणार नाही.

प्रश्न : आमच्या सोसायटीत लिफ्ट, पंप आणि जिन्यातील दिव्यांचे बिल मोठे येते. सूर्यघर योजना सोसायटीला लागू आहे का?
— सचिव, गृहनिर्माण संस्था, ताराबाई पार्क

उत्तर : आहे. सामाईक वापरासाठी, विजेवरच्या वाहनांच्या चार्जिंगसह, प्रतिकिलोवॉट १८ हजार रुपये अनुदान मिळते. गच्ची सर्व सभासदांच्या सामाईक मालकीची असल्याने आधी सर्वसाधारण सभेचा ठराव करून घ्यावा आणि वरच्या मजल्यावरील सभासदांना गळतीची जबाबदारी कोणाची, हे त्यातच लिहून द्यावे. पाण्याचा पंप पहाटेऐवजी सकाळी दहानंतर चालवण्याची सूचना वॉचमनला देऊन ठेवावी.